ओळखीची काठी

“पण माझ्या विचारण्याचं काय, बाबा?”

केरबाने पुन्हा विचारलं. इमामशा बाबा मात्र डालग्यात वाकून कोंबड्या बघत होते.

“ही ठिपक्यांची खुडूक होती का, बाई?”

“अंड्यांवरनं आत्ताच उठली बघा,” सुंदराबाई म्हणाली. “लई गुणाची हाय. फक्त हिला घाईनं धरू नका.”

सुंदराबाई गावातली एकटी म्हातारी. घराला कुलूप लावून शहरात लेकीकडे निघाली होती. लेकीचं घर वरच्या मजल्यावर. तिथं कोंबड्या कुठं फिरवायच्या? म्हणून त्या बाबांकडं सोडायला आली होती.

“लेक म्हणती, गॅलरीत तुळस लाव. आता तुळशीला काय दाणे टाकू?”

बाबा हसले. केरबा हसला नाही. त्याचा प्रश्न अधांतरी लटकत होता.

फकिराच्या राहत्या जागेला त्या मुलखात तकिया म्हणतात. बाबांचा हा तकिया गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. एक जुनी मजार, तिच्यापुढे तेवता चिराग, मागं दोन खोल्या, पुढं अंगण आणि अंगणाला गडगा, नुसत्या दगडांची रचलेली भिंत, तिच्यात दगडी उंबऱ्याचं दार. खुंटीला मोरचेल टांगलेलं, मोरपिसांची ती जुनी जुडी. ज्याच्या हाती मोरचेल, त्याच्या हाती तकिया, ही तिथली रीत.

बाबांचे गुडघे गेले होते. हात कापत होते. मोरचेल आता चेल्याच्या, केरबाच्या हाती कधी देणार, एवढंच त्याचं विचारणं होतं.

“बाई, घरची काठी आणलीस?” बाबांनी विचारलं.

सुंदराबाईने काखेतून बाभळीची एक काठी काढली. खुराड्यात आडवी लावायची, रात्री कोंबड्या जिच्यावर बसतात ती. मधोमध झिजलेली, विष्ठेनं पांढरी पडलेली.

“ही कशी इसरंन? आईच्या वेळची हाय.”

केरबाने नाक मुरडलं.

बाबांनी चुलीतली राख मागवली. सुंदराबाईने एकेका कोंबडीचे पाय राखेत टेकवले आणि तिला खुराड्यात सोडलं. असं केलं की कोंबडी घर विसरत नाही म्हणतात. शेवटची ठिपक्यांची. तिच्या पाठीवरून म्हातारीनं हात फिरवला आणि फळी लावली.

मग ती वळून न बघता निघाली. वळली असती, तर गेली नसती.

ती दिसेनाशी झाल्यावर बाबा म्हणाले, “आता ह्यांना आतच ठेव. दार उघडू नकोस.”

“किती दिवस?”

“घर कळेपर्यंत.”

“आणि त्यांना कळलं, हे मला कसं कळणार?”

“कळलं की तुझ्याकडं बघणार नाहीत.”

केरबाला वाटलं, म्हाताऱ्याची चेष्टा चालली आहे.

“दाणे मागच्या फटीतून टाकायचे,” बाबा सांगत राहिले. “हाक मारायची नाही. टाकायचे आणि निघायचं. ती काठी आत लाव.”

“लावतो. पण माझ्या विचारण्याचं?”

“तेच सांगतोय.”

…

केरबा जातीचा कासार. तकियावर येण्याआधी जत्रेजत्रेतून बांगड्या भरायचा. बायको गेली, तेव्हा दुकान भावाच्या हवाली करून तो बाबांच्या पायाशी आला. दुकान सुटलं, पण दुकानदाराची जीभ काही सुटली नाही. आणि ती वाईट होती असंही नाही. रडत आलेला माणूस केरबाशी बोलून हसत जायचा.

दुकानदारीत माल नंतर, हात आधी. हे केरबाइतकं कुणाला ठाऊक?

त्याने ती घाणेरडी काठी सरपणावर टाकली. गुळगुळीत नवा बांबू कापून आत लावला. दाणे फटीतून टाकायचे ते दार किलकिलं करून तळहातावर धरू लागला.

“ती… ती… ती…”

पहिल्यांदा कोंबड्या कोपऱ्यात दाटल्या. मग धीट तांबडी पुढं आली. तिच्यामागं एक काळी. शेवटी ठिपक्यांचीही आली आणि त्याच्या तळव्यावर टोच मारू लागली.

केरबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

बाबा ओसरीवरून बघत होते.

…

गुरुवारी माणसं यायची. कुणाचं पोर तापानं फणफणलेलं, कुणाची भावकी पेटलेली. पूर्वी येणारा माणूस मजारीपुढं टेकायचा, चिरागात तेल घालायचा, उंबऱ्याशी गप्प बसायचा. बाबा बोलले तर बोलले. पुष्कळदा बोलायचेच नाहीत.

आता अंगणात शिरतानाच विचारणा व्हायची, “केरबा महाराज हायत का?”

महाराज हा शब्द केरबाने कुणाला शिकवला नव्हता. पण कुणाला थांबवलंही नव्हतं.

त्या माणसांत शिवाप्पा गवंडी होता. कारागीर असा की त्याच्या भिंतीला नजर लागावी. पण दारूनं हाताला कंप सुटला. भिंत सरळ आहे का ते बघायला हातात ओळंबा धरला की तो थरथरायचा. कामं गेली. बायको गिरजा त्याला ओढत तकियावर घेऊन आली.

केरबाने त्याचा हात हातात घेतला. बांगड्या भरताना घ्यायचा तसा, बोटं चोळत, गप्पा मारत.

“पुढच्या गुरुवारपर्यंत नाही प्यायचं. माझ्यासाठी.”

“तुमच्यासाठी न्हाई पिणार.”

आणि शिवाप्पा खरंच प्याला नाही. गुरुवारमागून गुरुवार गेले. ओळंबा स्थिर झाला. गिरजा केरबाच्या पाया पडली, तेव्हा त्याने पाय मागे घेतले, पण जरा सावकाश.

त्या संध्याकाळी त्याने बाबांजवळ विषय काढला.

“बाबा, मी जत्रेत बसायचो, तेव्हाची गोष्ट सांगू?”

“सांग.”

“एक नवी नवरी आली. नाजूक मनगट, हात आखडलेला. दुसऱ्या कासारानं दोन बांगड्या फोडल्या, रक्त काढलं तिचं. मी हात धरला, तिच्या माहेरचं विचारत बसलो, आणि बोलता बोलता दोन्ही हात भरले. तिला कळलंसुद्धा नाही.”

“बरं.”

“तेव्हापासून ती दुसऱ्याकडं हात देत नाही. मी दुकान सोडलं त्या साली जत्रेला आली, मला शोधलं. मी नाही म्हटल्यावर कुणाकडूनही भरून घेतल्या नाहीत. तशीच परत गेली, म्हणे.”

बाबांनी मान वर केली.

“रिकाम्या हातानं?”

“रिकाम्या हातानं.”

“सवाष्ण बाई,” बाबा म्हणाले. “जत्रेतून घरी. रिकाम्या हातानं…”

आपण कौतुकाची गोष्ट सांगितली, असं केरबाला वाटत होतं. ती म्हाताऱ्याच्या तोंडातून आली, तेव्हा तिची चव वेगळीच लागली.

पण ते तेवढ्यापुरतंच.

…

एका गुरुवारी, अंगण भरलेलं असताना, केरबाने खुराड्याचं दार सताड उघडलं.

“ती… ती… ती…”

कोंबड्या बाहेर आल्या आणि त्याच्या पायापायात चालू लागल्या. तो मजारीकडं गेला, त्या मजारीकडं. तो गडग्याकडं वळला, त्या गडग्याकडं. तिन्हीसांजेला तो दाणे घेऊन खुराड्यात वाकला, तशा त्याच्या हातामागं आतही शिरल्या.

“बघा, मुकी जनावरंसुद्धा,” कुणीतरी म्हणालं.

माणसं पांगल्यावर बाबांनी विचारलं, “खुराडं कळलं का त्यांना?”

“मी कळलो की.”

“हं.”

“ते पुरेसं नाही का, बाबा?”

बाबांनी गुडघ्यावर हात ठेवला, उठायचा प्रयत्न केला, पुन्हा बसले.

“तुझे पाय किती दिवस चालतील, केरबा?”

…

पुढच्या गुरुवारी शेजारच्या गावात एका भक्ताची वास्तुशांत होती. केरबाला मानानं बोलावणं आलं.

“जाऊ का, बाबा?”

“जा.”

“संध्याकाळी परत येतो.”

बाबा अंगणात दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांकडं बघत राहिले.

तिकडं त्याला पाटावर बसवलं, खांद्यावर शेला घातला. जेवण झालं, गोष्टी झाल्या. जत्रेतल्या नवरीची गोष्ट त्यानं तिथंही सांगितली. फक्त शेवट सांगितला नाही. निघतो म्हणाला, तेव्हा घरधनी हात सोडेना.

“महाराज, आजचा मुक्काम आमच्याकडं.”

केरबानं एकदा बाहेर बघितलं. ऊन कलत होतं. मग तो पुन्हा पाटावर बसला.

सकाळी तो तकियाच्या वाटेला लागला. गडगा दिसला आणि त्याचे पाय मंदावले.

वाटेवर पिसं होती. तांबडी, काळी. गडग्याच्या भिंतीवर रक्त वाळलेलं. बाहेरच्या अंगाला, जिथून तो गेला होता, नेमकं तिथं.

बाबा ओसरीवर होते. त्यांच्या हातापायांवर खरचटलं होतं.

“रानमांजर,” ते म्हणाले.

“खुराड्यात… दार नव्हतं लागलं?”

“खुराड्यात त्या गेल्याच नाहीत. दिवेलागणीला भिंतीवर चढून बसल्या. रस्त्याकडं तोंड करून.”

“तुम्ही हाक नाही मारलीत?”

“पुष्कळ मारल्या. त्यांना माझी हाक ठाऊक नव्हती.”

“धरून आत टाकायच्या…”

“ह्या गुडघ्यांनी?”

केरबाने त्यांच्या खरचटलेल्या हातांकडं पुन्हा बघितलं. म्हातारा गडगा चढायला गेला होता.

ठिपक्यांची आणि एक काळी तेवढी उरली होती. दोघी लिंबाच्या झाडावर, फांदीला चिकटून.

“शिवाप्पा आला होता,” बाबा म्हणाले.

केरबाने मान वर केली.

“काल. उंबऱ्यापर्यंत आला. विचारलं, केरबा महाराज हायत का. म्हटलं, बाहेरगावी गेलाय, तू ये, बस. तो म्हणाला, मग ऱ्हाऊ द्या.”

“आणि?”

“गेला.”

“कुठं गेला?”



…

शिवाप्पा त्याच्या अर्धवट बांधलेल्या भिंतीपाशी पडला होता. चुन्याचं घमेलं उलटलेलं, ओळंबा मातीत. अंगाला वास येत होता. गिरजा पलीकडं, तोंडावर पदर धरून.

“शिवाप्पा, काय केलंस हे?”

त्यानं डोळे उघडले.

“तुमी नव्हता.”

“बाबा होते की तिथं.”

“बाबा…” त्यानं हात हलवला. “त्येंच्याशी माझं काय बोलणं? मी तुमच्यासाठी सोडली व्हती.”

केरबा त्याचा हात धरायला वाकला. शिवाप्पाचा हात थरथरत होता.

गिरजा म्हणाली, “महाराज, आता रोज येत चला. तुमी आलासा की ऱ्हातोय त्यो.”

रोज… केरबाला आपले पाय आठवले, आणि बाबांचं विचारणं.

…

तो परतला तो सरळ बाबांपुढं बसला. शेला कुठं राहिला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

“हे होणार, हे तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं होतं.”

…

संध्याकाळी केरबाच पुन्हा म्हणाला, “मी निघून जातो, बाबा. माझा हातच वाईट.”

“हात चांगला आहे. पण जाशील कुठं? माणसं तुझ्यामागून येतील.”

“मग काय करू?”

बाबांनी सरपणाच्या ढिगाकडं बोट केलं. केरबा उठला. बाभळीची काठी तळाशी होती, अजून जळली नव्हती. त्यानं ती धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतली.

“पुसू नकोस,” बाबा म्हणाले.

त्यानं बांबू काढला आणि काठी लावली. लिंबावरून दोघी कोंबड्या उतरवल्या आणि दार बंद केलं. दाणे मागच्या फटीतून टाकले. ठिपक्यांची फटीशी आली, हात शोधू लागली. तिला हात सापडेना, तेव्हा ती आवाज करू लागली.

केरबाने ओठ घट्ट मिटले आणि निघाला.

हे एवढंसं काम. पण बांगड्यांच्या ओझ्याखाली उन्हातून जत्रा गाठताना जेवढा दमला नसेल, तेवढा तो त्या खुराड्यापासून ओसरीपर्यंत येताना दमला.

“शिवाप्पाकडं जाऊन येतो,” दुसऱ्या दिवशी तो म्हणाला.

“नको.”

“तो मरेल, बाबा.”

“मरेलही.”

“आणि आपण बसून राहायचं?”

“तू गेलास तर तो उठेल,” बाबा म्हणाले. “तुझा हात धरून इथं येईल. तू कुठं नसलास की पुन्हा पडेल. किती वेळा उचलशील?”

“मग त्याला कोण आणणार?”

“चिरागात तेल घाल. दार उघडं ठेव.”

केरबाने तेल घातलं. दार उघडं ठेवलं.

गुरुवारी बाबांनी त्याला मागच्या खोलीत बसवलं, खिडकीशी. बोलायचं नाही, पुढं यायचं नाही. माणसं आली. “महाराज कुठं हायत?” बाबांनी उंबऱ्याकडं हात केला. काही बसली. काही आल्या पावली परत गेली. परत जाणाऱ्यांच्या पाठी केरबा खिडकीतून बघत राहिला. दुकानदाराच्या डोळ्यांसमोरून गिऱ्हाईक उलट्या पावली जातं, ते दुःख ज्यानं सोसलंय त्यालाच ठाऊक.

गिरजा आली. तिनेही विचारलं. मग थोडा वेळ घुटमळली, आणि घरून आणलेलं तेल चिरागात ओतून उंबऱ्याशी बसली. रडली. तिची समजूत काढायला कुणी आलं नाही. रडणं संपल्यावर ती आपणहून उठली आणि गेली.

पुढच्या गुरुवारी पुन्हा आली. आणि त्याच्या पुढच्या.

केरबा रोज सकाळी फटीतून दाणे टाकत होता. ठिपक्यांचीचा आवाज कमी होत गेला. एकदा त्याच्या ध्यानात आलं, ती फटीकडं आलीच नाही. दाणे पडले तिथं गेली, टिपले, आणि उडी मारून काठीवर बसली. झिजलेल्या जागी. डोळे मिटून.

त्यानं बाबांना सांगितलं.

“माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.”

“मग उद्या दार उघड. आणि तिथं उभा राहू नकोस.”

त्यानं उघडलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. दिवसभर बाहेर गेला नाही. कोंबड्या गडग्यापलीकडं गेल्या, दिसेनाशा झाल्या. ऊन कललं. केरबाची नजर गडग्यावर. जणू पोटची पोरं बाहेर आहेत.

तिन्हीसांज झाली. गडग्यावरून आधी काळी उतरली. मग ठिपक्यांची. कुणी बोलावलं नाही. दोघी अंगण ओलांडून, केरबाच्या खिडकीखालून, सरळ खुराड्यात गेल्या.

तो बसल्या जागी ओक्साबोक्शी रडला.

…

आणि एका गुरुवारी गिरजाच्या मागं, बऱ्याच अंतरावर, शिवाप्पा आला.

अंग उतरलेलं. दाढी वाढलेली. दाराशी उभा राहून त्यानं आत बघितलं. ओसरी बघितली. अंगण बघितलं. केरबा खिडकीमागं श्वास धरून. हाक मारली असती, तर तो धावत आला असता. हाक ओठांशी आली होती…

शिवाप्पा बराच वेळ उभा होता.

मग उंबऱ्याशी बसला. हात दगडावर टेकला. दगड हलला. त्यानं पुन्हा हलवून बघितला, खाली वाकून सांध्यात बोट घातलं. चुना निघाला होता. त्यानं बोट पुसलं. बसून राहिला, आणि गेला.

पुढच्या गुरुवारी तो लवकर आला. हातात थापी, घमेल्यात कालवलेला चुना. उंबऱ्याचा दगड उचलला, खालची माती साफ केली, दगड बसवला, सांधे भरले. दोरी धरून पातळी बघितली. एकदा हात थरथरला. तो थांबला, हात मजारीच्या कट्ट्यावर टेकवून ठेवला, थोड्या वेळानं पुन्हा कामाला लागला.

काम झालं, तसे त्यानं हात धुतले. चिरागात तेल घातलं. ओल्या उंबऱ्यावर पाय न देता अलगद ओलांडून बाहेर पडला.

त्यानं कुणाला काही विचारलं नाही.

केरबा मागच्या खोलीतून बाहेर आला आणि बाबांपाशी बसला. दोघंही त्या ओल्या चुन्याकडं बघत होते. कोंबड्या अंगणातून खुराड्याकडं निघाल्या होत्या.

“त्यानं माझं नावसुद्धा घेतलं नाही, बाबा.”

बाबा भिंतीला धरून उठले. सावकाश खुंटीपर्यंत गेले, मोरचेल काढलं, आणि केरबाच्या मांडीवर ठेवलं.

“आता उद्या कुठंतरी मुक्कामाला जाऊन ये.”